"कम्फर्ट झोनच्या बाहेर कधी पडलात?" : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या उमेदवारांसाठी या एका प्रश्नाची तयारी

हुबळीतल्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो होतो. जागा क्वालिटी इन्स्पेक्टरची. टेबलापलीकडे तिघं होते. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, रिजेक्शनची नोंद कशी ठेवता, सगळं नीट सांगून झालं. मग मधल्या मॅडमनी विचारलं, "टेल मी अबाउट अ टाइम यू स्टेप्ड आउट ऑफ युवर कम्फर्ट झोन." मी म्हणालो, "मॅडम, आय कॅन अ‍ॅडजस्ट एनीव्हेअर." त्या म्हणाल्या, "छान. एखादा प्रसंग सांगा." मला एकही प्रसंग आठवेना. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. निवड झाली नाही.

परतीच्या बसमध्ये कित्तूर मागे पडल्यावर डोकं शांत झालं आणि एकेक आठवायला लागलं. दहावीपर्यंत मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलो आणि दोनच महिन्यांनी डिप्लोमाच्या वर्गात इंग्रजीतलं इंजिनिअरिंग ड्रॉइंग समोर आलं. शाळेत कन्नड होतं ते पेपरापुरतं. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, नोकरी लागल्यावर त्याच कन्नडमधून मला वडिलांच्या वयाच्या माणसांशी बोलावं लागलं. त्या दिवशीचंच बघा ना. गेटवरच्या वॉचमनशी मी कन्नडमध्ये बोललो होतो, आत मुलाखत इंग्रजीत दिली आणि बाहेर येऊन आईला फोन मराठीत केला. यातलं काहीही मी त्या टेबलावर सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्यानंतर आणखी पाच मुलाखती दिल्या, तीन ठिकाणी निवड झाली. गेली दोन वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्याकडे नवीन मुलं घेताना मीही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलंमुली येतात, काम येत असतं, आणि या प्रश्नाला बहुतेक जण माझंच जुनं उत्तर देतात. तेव्हा हा लेख त्यांच्यासाठी.

१. प्रश्न कुठल्या वेशात येतो ते ओळखा

"कम्फर्ट झोन" हा शब्द दर वेळी कानावर पडेलच असं नाही. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत साध्या मराठीत विचारतात, "कधी न केलेलं काम अंगावर घेतलंय का?" पुण्यात एचआरवाले विचारतात, "नवीन जागी रुळायला किती वेळ लागला? काय केलंत?" बेंगळुरूला विचारतील, "समथिंग यू वेअर नॉट कम्फर्टेबल डूइंग, बट यू डिड इट एनीवे." सगळ्यांच्या पोटात एकच प्रश्न आहे.

विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात. तुम्हाला धास्ती वाटली होती हे तुम्ही मोकळेपणी सांगता का? तरीही तुम्ही स्वतःहून काय केलंत? आणि त्यातून पुढे काय टिकलं? माणूस आधी कसा वागला यावरून तो पुढे कसा वागेल याचा अंदाज येतो, या भरवशावर हे सगळे "एखादा प्रसंग सांगा" प्रकारचे प्रश्न उभे आहेत. म्हणूनच "मी कुठेही जुळवून घेतो" हे वाक्य त्यांच्या काहीच कामाचं नसतं. त्यात प्रसंग नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्याकडची सगळ्यात जास्त मुलं याच ठिकाणी चुकतात. "कम्फर्ट" हा शब्द ऐकला की आपल्याला "आराम" ऐकू येतो, आणि आपण हाल सांगायला लागतो. चार किलोमीटर चालत शाळेला गेलो, वडील लवकर वारले, आईने विड्या वळून शिकवलं, लाइट नव्हती. हे सगळं खरं असतं आणि टेबलावरचे लोक ते आदराने ऐकतातही. पण त्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. हाल आपल्यावर येऊन पडतात. त्यांना विचारायचं असतं ते तुम्ही आपण होऊन उचललेल्या पावलाबद्दल. वडील वारल्यावर वखारीतल्या देण्याघेण्याचा हिशोब, जो कधी बघितला नव्हता, तो तुम्ही हातात घेतलात, दोन जणांकडून थकलेले पैसे मागायला गेलात, तर ते पाऊल. तिथून सुरू करा. त्यामागचं दुःख एका वाक्यात येऊ द्या आणि पुढे चला.

२. वही घ्या आणि मोजायला बसा

शंभर पानी साधी वही पुरते. एका संध्याकाळी फोन बाजूला ठेवून गेल्या पाच-सहा वर्षांतले असे प्रसंग लिहा, ज्यांच्या आदल्या रात्री झोप नीट लागली नव्हती. चांगले-वाईट ठरवू नका, नुसते लिहा. आठवत नसेल तर स्वतःला हे विचारा:

- मराठी माध्यमातून इंग्रजीत गेल्यावर पहिल्या सहामाहीत मी नेमकं काय केलं?
- कन्नडमधून बोलल्याशिवाय काम होणार नव्हतं असा पहिला प्रसंग कुठला? बँक, नाडकचेरी (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय), बसचा पास, दवाखाना?
- घरच्यांना नको असताना कुठलं काम पटवून केलं?
- मंडळाचा जमाखर्च, लग्नाचा बाजार, दूध डेअरीची वही, बचत गटाचे कागद, यातलं कुठलं पहिल्यांदा माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं?
- माझ्यापेक्षा मोठ्या माणसाला "हे चुकतंय" असं कधी सांगावं लागलं?

शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे थोरल्या माणसापुढे तोंड उघडायचं नाही असं लहानपणापासून बिंबवलेलं असतं, त्यामुळे कामाच्या ठिकाणी मर्यादा सांभाळून वरिष्ठाला चूक दाखवणं हे आपल्या मुलांसाठी खरोखर घराबाहेरचं पाऊल आहे. ज्यांनी ते केलंय त्यांच्याकडे फार चांगलं उत्तर तयार असतं.

नोकरीचा अनुभव नाही म्हणून अडून बसू नका. माझी एक मावसबहीण निपाणीची, बीकॉम झालेली. पहिल्याच मुलाखतीची तयारी करताना म्हणाली, "दादा, मी काय सांगू? मी तर घरीच होते." तासभर बोलत बसलो तेव्हा निघालं की ती १९ वर्षांची असताना मावशीच्या बचत गटाचं कर्ज बँकेत अडकलं होतं. गटातल्या बायका म्हणाल्या, कॉलेजला जाणारी तूच आहेस, तूच जा. मॅनेजर कन्नडशिवाय बोलत नव्हते. ही तीन वेळा गेली. पहिल्यांदा नुसतीच परत आली. दुसऱ्यांदा शेजारच्या मैत्रिणीकडून दोन वाक्यं कन्नडमध्ये लिहून घेऊन गेली आणि कुठला कागद कमी आहे तेवढं समजून आली. कमी होती ती गटाच्या ठरावाची प्रत. तिसऱ्यांदा ती प्रत, सह्या आणि गटाचा शिक्का घेऊन गेली आणि काम झालं. ही गोष्ट तिच्या हिशोबात "घरचं काम" होती. मुलाखतीत तिने तीच सांगितली आणि आज ती एका पतसंस्थेत कॅशला आहे.

३. यादीतून एकच निवडा

दहा-बारा प्रसंग निघाले की त्यातला एक मुख्य आणि एक राखीव ठेवा. निवडताना मी हे बघतो: प्रसंग एका ठिकाणचा आणि ठरावीक काळातला असावा, त्यात मी केलेल्या किमान दोन कृती असाव्यात, आणि शेवटी काहीतरी दाखवता यावं, आकडा नसला तर बदललेली पद्धत तरी.

धास्ती किती मोठी असावी? रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले होते. उंदरांना योग्य वाट निवडायला शिकवायचं आणि चुकलं की विजेचा सौम्य किंवा जोराचा झटका द्यायचा. काम अवघड असताना फार सौम्य झटक्याने उंदीर हळू शिकले, आणि फार जोराच्या झटक्यानेही हळूच शिकले. मधल्या झटक्याने सगळ्यात लवकर शिकले. मी हे माझ्या भाषेत असं धरून चाललो आहे की प्रसंगही मधल्या मापाचा निवडावा. "पहिल्यांदा एकटा पुण्याला गेलो" हे २५ वर्षांच्या माणसासाठी फारच लहान. उलट ज्यात तुम्ही पूर्ण कोलमडला होतात, ज्याबद्दल बोलताना अजून आवाज जातो, तो प्रसंग त्या खोलीत नेऊ नका.

ज्या पदासाठी जाताय त्याच्याशी प्रसंगाचं नातं असेल तर उत्तम. सेल्सच्या जागेला अनोळखी माणसाशी बोलण्याचा प्रसंग, अकाउंट्सला हिशोबातली चूक पकडून सांगितल्याचा, शॉप फ्लोअरला नवीन मशिन किंवा नवीन माणसांचा.

४. प्रसंग चार तुकड्यांत बांधा

एचआरच्या जगात याला स्टार पद्धत म्हणतात: सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. मराठीत परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. मी "जबाबदारी"च्या तुकड्यात धास्ती जोडतो, कारण या प्रश्नाचा जीव तिथे आहे.

माझा प्रसंग फाउंड्रीतला. तिथे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओततात. साचे करणारे ते मोल्डर, आणि ओतलेल्या भागात राहिलेली पोकळी म्हणजे ब्लो होल. आधी मी तो असा सांगायचो: "आमच्याकडे रिजेक्शन वाढलं होतं. मी मोल्डिंगच्या लोकांशी बोललो. कन्नड येत नव्हतं तरी मॅनेज केलं. मग रिजेक्शन कमी झालं." चार वाक्यं, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. आता सांगतो तो असा:

"पावसाळ्यात आमच्या फाउंड्रीत पंपाच्या बॉडीत ब्लो होल वाढले होते. मशिनिंग झाल्यावर शंभरातले सात-आठ नग परत येत. मी फायनल इन्स्पेक्शनला होतो. नग तपासायचा, खराब असेल तर लाल रंग लावून बाजूला ठेवायचा, रिपोर्ट द्यायचा, एवढंच माझं काम होतं.

"कारण मोल्डिंग लाइनवर आहे हे मला दिसत होतं, पण तिथे जायची धास्ती वाटत होती. तिथली माणसं माझ्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी मोठी, सगळी कन्नड बोलणारी. हा पोरगा आपली चूक काढायला आलाय असं त्यांना वाटेल, ही भीती होती.

"मी सुपरवायझरांची परवानगी घेतली आणि दोन आठवडे रोज शिफ्ट सुटल्यावर एक तास लाइनवर थांबलो. पहिल्या दिवशी 'स्वल्प सावकाश हेळ्री', म्हणजे जरा सावकाश सांगा, एवढं एकच वाक्य पाठ करून गेलो. तिसऱ्या दिवशी एका थोरल्या मोल्डरनी मुठीत वाळू दाबली, मोडून दाखवली आणि म्हणाले, बघ, हाताला पाणी लागतंय. वाळूतला ओलावा शिफ्टच्या सुरुवातीला एकदाच मोजला जात होता. मी दर तासाला मोजायला लागलो आणि त्या तासातले हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) आणि खराब नग एका तक्त्यात समोरासमोर मांडले. ओलावा वाढलेल्या तासांतच ब्लो होल जास्त होते. तो तक्ता मी आधी त्या मोल्डरना दाखवला, मग सुपरवायझरांना.

"दर तासाला ओलावा मोजायचं ठरलं. महिन्याभरात परत येणारे नग तीन-चारांवर आले. आणि माझ्यापुरता बदल असा की आता रिपोर्ट लिहिण्याआधी मी लाइनवर जाऊन विचारतो."

घड्याळ लावून सांगितलं तर हे दोन मिनिटांच्या आत बसतं. परिस्थितीला वीस-पंचवीस सेकंद, धास्तीला तेवढेच, कृतीला एक मिनिट आणि शेवटाला उरलेले. कृतीचा तुकडा सगळ्यात मोठा असायला हवा. मुलं परिस्थिती सांगण्यातच दीड मिनिट घालवतात. कंपनी काय बनवते, किती कामगार, मालक कोण. ते कुणी विचारलेलं नसतं.

यातली एकदोन ठिकाणं मुद्दाम दाखवतो. "हाताला पाणी लागतंय" हे वाक्य मी बरेच दिवस गाळत होतो, घरगुती वाटायचं म्हणून. एकदा सांगितलं आणि समोरचे प्रॉडक्शन मॅनेजर पुढे झुकून बसले. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, साधारण ३-४ टक्के ओलावा लागतो. त्यापेक्षा फार वाढला की ओतलेल्या धातूच्या उष्णतेने वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मुठीतल्या वाळूवरून त्यांना कळलं की मी खरोखर तिथे उभा होतो. तुमच्या प्रसंगातही अशी एखादी वस्तू असेल: ठरावाची प्रत, पावती पुस्तक, फाटलेला बेल्ट, चुकलेला व्हाउचर नंबर. ती गाळू नका.

दुसरं ठिकाण, तक्ता आधी मोल्डरना दाखवला हे. त्यावरून मी माणसांशी कसा वागतो ते कळतं, आणि मला तसं वेगळं सांगावं लागत नाही.

५. "आम्ही"च्या जागी "मी" म्हणायला शिका

हे लहानसं वाटतं, पण यावर निवड अडते. स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई, असं आपल्या घरांमधून शिकवलेलं असतं. म्हणून आपण म्हणतो, "आम्ही ठरवलं", "मग ते करण्यात आलं", "सगळ्यांनी मिळून केलं". टेबलावरचा माणूस कागदावर लिहितो: उमेदवाराने स्वतः काय केलं ते स्पष्ट नाही. मी स्वतः असं लिहिलेलं आहे, आणि लिहिताना वाईट वाटलं आहे, कारण त्या मुलाने काम केलंय हे दिसत होतं.

जे मी केलं ते "मी", जे इतरांनी केलं ते त्यांच्या नावावर. "मोल्डरनी दाखवलं, मी मोजलं, सुपरवायझरांनी मान्यता दिली." यात बढाई कुठेच नाही.

६. भाषेची तयारी

कुठल्या भाषेत मुलाखत होईल ते आधी फोनवर विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. हुबळी-धारवाडला इंग्रजी आणि कन्नड, बेंगळुरूला बहुतेक इंग्रजी, कोल्हापूर-कागलला मराठी, पुण्यात मराठी-हिंदी-इंग्रजी काहीही.

इंग्रजीत द्यायचं असेल तर सगळं उत्तर पाठ करू नका. पाठ केलेलं मध्येच तुटलं की पुढचं सापडत नाही. फक्त सांध्यांवरची वाक्यं पक्की करा:

- "आय वॉज हेझिटंट, बिकॉज..." (धास्ती)
- "सो आय डिसायडेड टू..." (निर्णय)
- "द फर्स्ट थिंग आय डिड वॉज..." (कृती)
- "अ‍ॅज अ रिझल्ट..." (परिणाम)
- "सिन्स देन, आय..." (पुढे टिकलेला बदल)

मधली वाक्यं साधी, तुटक असली तरी चालतात. शब्द अडला तर थांबा आणि विचारा, "कॅन आय से धिस पार्ट इन हिंदी?" मी दोनदा विचारलंय, दोन्ही वेळा हो म्हणाले.

मराठीत मुलाखत असेल तर पुण्याची भाषा आणायला जाऊ नका. घरी "काय करूलालास" म्हणणारा माणूस तिथे जाऊन वेगळा सूर लावायला गेला की त्याचं अर्धं लक्ष सुरातच अडकतं. आपली बोली थोडी कानाला लागली तर लागू द्या. सांगणं स्वच्छ असलं म्हणजे झालं.

तयारीची पद्धत म्हणाल तर फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज नकोसा वाटतो. चौथ्या-पाचव्या वेळेला कुठे लांबतंय ते आपोआप कळतं.

७. सीमाभागाचा विषय निघाला तर

निघतोच. पुण्यात विचारतात, "कर्नाटकातले ना तुम्ही? मग मराठी इतकं कसं?" माझं उत्तर ठरलेलं आहे: "आमचा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यानंतर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. घरी मराठी, बाहेर कन्नड, शिक्षण पुढे इंग्रजीत." आणि तिथे थांबतो. या प्रश्नावर आपल्या प्रत्येकाच्या घरात मतं आहेत, माझीही आहेत आणि ती पक्की आहेत. पण त्या अर्ध्या तासात समोरच्याला माझं काम समजून घ्यायचं असतं, आणि मलाही तेच दाखवायचं असतं.

हुबळी-बेंगळुरूला विचारतात, "कन्नड बरत्तेनु?", म्हणजे कन्नड येतं का? जेवढं येतं तेवढंच सांगा: "समजतं, कामापुरतं बोलतो, वाचायला वेळ लागतो." फाडफाड येतं म्हणून सांगाल तर पुढचा प्रश्न कन्नडमध्येच येईल. येत नाही म्हणताना कपाळाला आठी आणू नका. कन्नड शिकल्याचा प्रसंग तर तिथे फार मोलाचा ठरतो, आणि सांगताना ज्यांनी शिकवलं त्यांच्याबद्दल चांगलं बोला. मला कामावरचं कन्नड त्या मोल्डरनी शिकवलं. "सावकाश" हा शब्द दोन्ही भाषांत एकच निघाला तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

८. उलटून येणारे प्रश्न

मुख्य उत्तर चांगलं गेलं की खोदकाम सुरू होतं. हे प्रश्न हमखास येतात: पुन्हा तशी वेळ आली तर वेगळं काय कराल? कुणी विरोध केला का? फसलं असतं तर? यांची उत्तरं प्रसंग खरा असेल तर आपोआप सुचतात. रचलेला असेल तर इथेच उघडा पडतो. दुसऱ्याचा प्रसंग आपला म्हणून सांगू नका. इंटरनेटवरून उतरवलेलं "मी पब्लिक स्पीकिंगच्या भीतीवर मात केली" हे उत्तर मी एका दिवसात तिघांकडून ऐकलं आहे, जवळपास त्याच शब्दांत.

एक प्रश्न मात्र वेगळा तयार करून जा: "आता तुम्हाला कशाची धास्ती वाटते?" कशाचीच नाही असं म्हणू नका. खरी एक गोष्ट आणि तिच्यासाठी सध्या काय करताय ते सांगा. मी सांगायचो, "कस्टमरच्या ऑडिटमध्ये इंग्रजीत एकट्याने बोलायची. म्हणून सध्या दर महिन्याचा रिपोर्ट मी मीटिंगमध्ये स्वतः वाचून दाखवतो."

आणि "नाइट शिफ्ट चालेल का, पुण्याला राहाल का, दोन वर्षांचा बाँड लिहून द्याल का" हेही याच प्रश्नाचे भाऊबंद. इथे जोशात हो म्हणू नका. घरी म्हातारे आईवडील असतील, शेत बघायला दुसरं कुणी नसेल, तर आदल्या दिवशी घरात बोलून जा आणि जमेल तेवढंच कबूल करा. जॉइन होऊन तिसऱ्या आठवड्यात परत आलेली मुलं मी बघितली आहेत. पुढच्या मुलाखतीत ते तीन आठवडे समजावून सांगणं फार जड जातं.

९. कागदपत्रं

एका फाइलमध्ये मूळ आणि दुसऱ्या फाइलमध्ये झेरॉक्सचे दोन संच:

- एसएसएलसी (दहावी) मार्क्स कार्ड, पीयूसी (अकरावी-बारावी) किंवा डिप्लोमा किंवा आयटीआयची सगळी मार्क्स कार्डं आणि सर्टिफिकेट
- डिग्री असेल तर सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं
- आधार, पॅन, चार पासपोर्ट फोटो
- आधी नोकरी केली असेल तर अनुभवाचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन नंबर
- रिझ्यूमच्या तीन प्रती. टेबलावर बहुधा दोघं-तिघं असतात

दोन सापळे आपल्याच भागातले. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या कागदावर बेळगाम आणि नव्यावर बेळगावी असतं. बाहेरच्या एचआरला ही दोन गावं वाटू शकतात. फॉर्ममध्ये आत्ताचं अधिकृत नाव लिहा आणि विचारलं तर सांगा. दुसरा सापळा नावाचा. मार्क्स कार्डवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. निवड झाल्यावर पडताळणीत हे अडतं. फरक मोठा असेल तर आधार आधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून फाइलला लावा.

१०. आदला दिवस आणि परतीचा प्रवास

बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर बसून जाणार असाल तर मुलाखत सकाळी नऊची घेऊ नका. अकराची मागून बघा, बरेच जण देतात. स्टेशनवर तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट तिथेच बदलून पोचता येतं. मुलाखतीचा शर्ट घालून प्रवास करू नका. हुबळीला किंवा कोल्हापूरला जाताना एक बस आधीची धरा.

आत जाण्याआधी वहीतलं एकच पान उघडा, ज्यावर तुमच्या प्रसंगाचे चार शब्द आहेत. माझ्या पानावर होतं: लाल रंग, धास्ती, मूठभर वाळू, तक्ता. पूर्ण उत्तर तिथे वाचत बसू नका.

बाहेर आल्यावर घरी फोन करा, चहा घ्या, आणि बसमध्ये बसल्या बसल्या विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा, जसे विचारले तशाच शब्दांत. अडलेल्या प्रश्नापुढे खूण करा. गावी पोचेपर्यंत अर्धे विसरतात, म्हणून बस सुटायच्या आधीच सुरुवात केलेली बरी.